अकराव्या दिवसाचं कोणी सांगितलंच नाही

प्रश्न : वय ६८. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होतो, भुसावळहून कधी खंडव्याकडे तर कधी मनमाडकडे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. सात वर्षांपूर्वी धाकटा भाऊ अचानक गेला आणि माझी झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ लिहून दिली. ती आजतागायत रोज रात्री दहाला घेतो. तरी चारला जाग येतेच, मग दुपारी कूलरखाली दोन तास पडतो. शुगरची गोळी दहा वर्षांपासून चालू आहे. गेल्या वर्षभरात विसरायला होतं. जळगावला फुले मार्केटबाहेर स्कूटर कुठे लावली ते अर्धा तास आठवलं नाही. दूध गॅसवर ठेवून गच्चीवर गेलो, पातेलं जळालं. मुलगा पुण्याहून रात्री साडेदहाला फोन करतो, आम्ही बोलतो, आणि सकाळी मला त्यातलं काही आठवत नाही. एकदा तर फोन आलाच नव्हता म्हणून मी बायकोशी भांडलो. माझी आई शेवटची चार वर्षं स्वतःच्याच घरात बसून 'माले घरी ने' म्हणायची. झोपेच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो असा व्हिडिओ मुलाने पाठवला, त्याच रात्री मी गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री घाम, हाताला कंप, छातीत धडधड. पाचव्या रात्री हरलो आणि दोन गोळ्या घेतल्या. आता वाटतं, मेंदूचं व्हायचं ते झालंच असेल तर सोडून उपयोग काय? आणि सोडायची तर पुन्हा ते पाच दिवस कोण काढणार?

उत्तर :

भाऊ,

आधी आज रात्रीचं. गोळी एकदम बंद करू नका आणि दोनही घेऊ नका. नेहमीची एकच घ्या आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

'पाचव्या रात्री हरलो' असं तुम्ही लिहिलंय. हरण्याजिंकण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. मेंदूला शांत करणारं एक रसायन मेंदू स्वतःच बनवतो, त्याचं नाव गाबा. तुमची गोळी बेन्झोडायझेपीन नावाच्या गटातली, ती त्या रसायनाचा जोर वाढवते. बाहेरून रोज मदत मिळते म्हटल्यावर मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. सात वर्षांनी ती मदत एका रात्रीत काढून घेतली की धरून ठेवायला काहीच उरत नाही. घाम, कंप, धडधड ही त्याचीच लक्षणं. काहींना तर फीट येते, म्हणून पाचव्या रात्री तुम्ही पुन्हा गोळीकडे वळलात याचं मला वाईट वाटलं नाही, फक्त एकीच्या दोन व्हायला नको होत्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या सगळ्या गटाच्या गोळ्यांवर आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो याच सवयीबद्दल आणि अचानक बंद करण्याबद्दल. भरलेली मालगाडी किती अंतर घेऊन थांबते हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे जरा अतीच होईल.

आता थोडं आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बाजूचं. तुम्हाला पहिल्यांदा गोळी मिळाली तेव्हा चिठ्ठीवर बहुतेक दहा किंवा पंधरा दिवस लिहिलेले असतील. अशा चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या आहेत. घरात मृत्यू झालेला असतो, समोरच्या माणसाचे डोळे तारवटलेले असतात, ओपीडीत बाहेर चाळीस जण बसलेले असतात. 'दहा दिवस घ्या' म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. अकराव्या दिवशी काय करायचं ते सांगायचं राहून जातं. मग ती चिठ्ठी घडी पडून पिवळी होते आणि मेडिकलच्या काउंटरवर सात वर्षं चालते. खरं तर २०१४ पासून अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, दिली तर रजिस्टरमध्ये रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. ओळखीच्या मेडिकलवाल्याने तुमच्यावर उपकार केले असं तुम्हाला वाटत असेल. मला तसं वाटत नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा धागा तुम्हीच लिहिलाय, पण तुमच्या ध्यानात आलेला नाही. गोळी दहाला. मुलाचा फोन साडेदहाला. दोन्ही वेळा गार्डाच्या सवयीने अचूक दिल्यात, फक्त एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

या गटाच्या औषधांचा एक ठरलेला परिणाम असा की गोळी अंगात भिनली की नवीन गोष्ट स्मरणात उतरत नाही. जुनं सगळं शाबूत असतं, माणूस नीट बोलतो, हसतो, नातवाची चौकशी करतो, पण त्या वेळेचं रेकॉर्डिंगच होत नाही. पोटाची दुर्बिणीतून तपासणी करताना आम्ही याच कुळातलं मिडाझोलाम सुईतून देतो, त्यामागे एक हेतू हाच असतो की तो त्रास रुग्णाला नंतर आठवू नये. तुमच्या बाबतीत हेच रोज रात्री साडेदहाला घडतंय. 'फोन आलाच नाही' म्हणून तुम्ही भांडलात तेव्हा तुम्ही खोटं बोलत नव्हतात, आणि वहिनीही बरोबर होत्या. याला मेंदू झिजल्याची खूण समजू नका, हा त्या रात्रीच्या गोळीचा परिणाम आहे. गोळी कमी होत गेली की तोही ओसरतो.

स्कूटरचं आणि दुधाचं मी इतकं ठामपणे सांगणार नाही. पण अल्प्राझोलामचा अंमल अर्ध्यावर यायला तरुण माणसाला साधारण अकरा तास लागतात आणि उतारवयात सोळाच्या आसपास. म्हणजे सकाळी दहाला तुम्ही बाजारात जाता तेव्हा रात्रीच्या गोळीचा अर्ध्याहून जास्त भाग अजून अंगात असतो. त्यात चारपासून जागे. स्कूटर लावताना लक्षच नसेल तर ती कुठे लावली हे आठवणार कुठून? आणि फुले मार्केटला शिरताना एक गल्ली, निघताना दुसरी, हे तर माझंही दर वेळी होतं.

आता आईचं. 'माले घरी ने' हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय (वर मी एकदाच घेतलं). पातेलं जळालं की तुम्हाला ते वाक्य ऐकू येत असणार. म्हणून सरळच लिहिते. तुम्ही मला दोन पानी पत्र पाठवलंत, त्यात कुठल्या दिवशी काय विसरलो याची तारीखवार नोंद आहे. स्मृतिभ्रंश सुरू झालेला माणूस बहुतेक वेळा स्वतःहून तक्रार घेऊन येत नाही. त्याला घरचे घेऊन येतात आणि तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. आम्ही कान टवकारतो ते वेगळ्या गोष्टींना. रोजच्या रस्त्यावर चुकणं. तोच प्रश्न पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारणं. पेन्शनचा हिशेब आयुष्यभर चोख ठेवणाऱ्याचा अचानक घोळ होणं. शांत माणूस संशयी होणं. यातलं काही आहे का हे तुम्ही ठरवू नका, वहिनींना विचारा. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी सवयीची झालीय की एकीकडे म्हातारपणी विसरणारच म्हणून खरा आजार अंगावर काढला जातो, आणि दुसरीकडे तुमच्यासारखा माणूस जळक्या पातेल्यातही आजार बघतो.

मग तो व्हिडिओ? त्यातली गोष्ट हवेतून आलेली नाही. २०१४ साली कॅनडातल्या क्वीबेक प्रांतातला एक अभ्यास छापून आला. तीन महिन्यांहून जास्त काळ या गोळ्या घेतलेल्यांत अल्झायमरचं प्रमाण साधारण दीडपट दिसलं. जगभर बातमी झाली, आणि ती अजून फॉरवर्ड होत फिरते. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या सुमारे ३,४०० ज्येष्ठांवरचा अभ्यास आला, त्यात सर्वांत जास्त गोळ्या घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही. गोळीनेच आजार होत असता तर जास्त गोळ्यांवर जास्त आजार दिसायला हवा होता. २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधल्या पाच हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यातही एकंदरीत स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला नाही. मात्र मेंदूच्या स्कॅनवर स्मरणाशी संबंधित काही भाग किंचित लहान दिसले. म्हणजे प्रकरण मिटलं असं काही मी म्हणणार नाही.

पहिल्या अभ्यासात तसं का दिसलं असेल? स्मृतिभ्रंश उघड होण्याच्या कितीतरी वर्षं आधी काहींची झोप बिघडते, जीव घाबरा होतो. मग ते झोपेची गोळी मागायला येतात. पुढे आजार दिसतो आणि नाव गोळीवर येतं. बेडूक ओरडतात आणि मग पाऊस येतो, पण बेडकांनी पाऊस आणला असं आपल्या शेतकऱ्याने कधी म्हटलं नाही.

तेव्हा 'मेंदूचं व्हायचं ते झालंच असेल' हे तुमचं गृहीतक मला मान्य नाही. आणि त्यातून काढलेलं 'सोडून उपयोग काय' हे तर अजिबात नाही. गोळी कमी करायचं कारण दहा वर्षांनंतरच्या आजारात कशाला शोधायचं? ते आजच समोर आहे. तुम्ही रात्री लघवीला उठता का, ते लिहिलेलं नाही, पण या वयात बहुतेक पुरुष उठतात. गोळीच्या अंमलात, अंधारात, ओल्या मोरीत. पासष्टीच्या पुढे या गोळ्या शक्यतो टाळा असं जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ सांगतात, त्यात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे मोठं कारण आहे. ज्यांचं हाड मोडलं त्यांचं पुढचं वर्ष कसं गेलं ते मी पाहिलंय. शिवाय तुम्ही स्कूटर चालवता. सकाळची. हायवे ओलांडून.

डॉक्टरांकडे गेल्यावर विसरण्याची दुसरी कारणंही तपासून घ्या. शुगरची गोळी म्हणजे मेटफॉर्मिन असेल, तर वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याने विस्मरण होतं. ते इंजेक्शनने किंवा गोळीने भरून निघतं. थायरॉइड बघा. सर्दीच्या, खाजेच्या, वारंवार लघवी होण्याच्या काही गोळ्याही स्मरण मंद करतात, म्हणून घरातली औषधांची सगळी पिशवी घेऊन जा, नुसती चिठ्ठी नको. घोरण्याबद्दल वहिनींना बोलू द्या. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर झोपेची गोळी म्हणजे आगीत तेल. आणि कान तपासा. आयुष्य गाडीच्या खडखडाटात गेलंय तुमचं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट, एकटेपणा, उदासी आहे. झोपेची गोळी त्या यादीत नाही. आईची धास्ती असेल तर ती या चौदांवर खर्च करा.

उदासीचं मुद्दाम वेगळं विचारते. भाऊ गेला त्याला सात वर्षं झाली. त्याच्याबद्दल कुणाशी बोललात का कधी? गोळीने झोप आली, दुःख तसंच राहिलं असं फार जणांचं होतं. उदासीतही विसरायला होतं, आणि तिचा इलाज वेगळा आहे.

आता तुमची झोप. तुम्ही लिहिता, 'तरी चारला जाग येतेच.' पावणेअकराला लागलेली झोप चारला उघडली, म्हणजे सव्वापाच तास. दुपारचे दोन. झाले सव्वासात. या वयाला एवढी झोप पुरते, भाऊ! तुमची झोप हरवलेली नाही, ती दोन जागी वाटली गेलीय. आणि ज्या माणसाने पस्तीस वर्षं कधी रात्री दोनला साइन ऑन केलं, कधी रनिंग रूमवर भर दुपारी पडदे ओढून झोपला, त्याच्या शरीराने निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून रात्री दहा ते सकाळी सहा असं वेळापत्रक पाळावं ही अपेक्षाच जरा जादा आहे. उतारवयात गाढ झोप कमी होते, झोप पातळ होते. गोळीही ती गाढ झोप परत आणत नाही, उलट आणखी कमी करते.

झोपेसाठी पहिला इलाज म्हणून डॉक्टरांच्या संघटना आज गोळी सांगत नाहीत, सवयी बदलण्याची एक बांधीव पद्धत सांगतात. तिला सीबीटी-आय म्हणतात. तिच्यातलं तुम्हाला लागू पडेल ते असं. उठायची वेळ पक्की करा, समजा साडेपाच, रात्र कशीही गेली तरी साडेपाच. झोप येईपर्यंत अंथरुणात शिरू नका, मग साडेअकरा वाजले तरी चालतील. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि जांभया आल्या की परत या. चारला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. तुम्हाला हे सगळ्यात अवघड जाणार आहे, म्हणून घड्याळ भिंतीवरून उतरवाच. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असताना दुपारी कूलरखाली पडू नका असं सांगणारा डॉक्टर खान्देशातला नसावा. पडा, पण गजर लावून अर्धा तास, आणि तीनच्या आत.

हे दोन-तीन आठवडे जमलं की मग गोळी कमी करायला सुरुवात, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दोन आठवड्यांनी डोसाचा फार तर चौथा हिस्सा कमी करायचा. सात वर्षांची सवय असेल तर याहूनही हळू, दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के. तुमच्याबाबत डॉक्टर कदाचित ०.५ च्या जागी लहान गोळ्या देऊन थोडं थोडं कमी करतील, किंवा जास्त वेळ टिकणारं औषध देऊन मग ते उतरवतील. शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड असतो, तिथे घाई नको. एखाद्या पायरीवर फारच त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मागे जायचं नाही. सगळं मिळून चार-सहा महिने लागतील, जास्तही लागू शकतील. पुन्हा ते पाच दिवस काढायचे नाहीत. ते पाच दिवस येऊ नयेत म्हणूनच हे महिने.

आणि अशक्य समजू नका. क्वीबेकमध्येच वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली होती, गोळीने काय होतं आणि हळूहळू कशी उतरवायची याची. सहा महिन्यांत शंभरातल्या सत्तावीस जणांनी गोळी सोडली. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यातल्या पाच जणांनी.

कुठे जायचं? तुमच्याकडे रेल्वेच्या दवाखान्याचं कार्ड असेल तर तिथल्या फिजिशियनपासून सुरुवात करा. नाहीतर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे. 'मानसोपचार' या पाटीखाली रांगेत ओळखीचं कुणी दिसेल ही भीती आपल्याकडे मोठी असते. तिथे ओळखीचं जे कुणी दिसेल ते स्वतःही रांगेतच असेल. रात्री अपरात्री फारच अस्वस्थ झालात तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना दोन शब्द, कारण दर वेळी अशा उत्तरानंतर कुणीतरी घाईने औषध फेकून देतं. फीट येते म्हणून क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर त्याला हात लावायचा नाही. उदासीवरची किंवा इतर मानसिक आजाराची गोळी ही झोपेची गोळी नव्हे, तीही आपल्या मनाने बंद करायची नाही. झोपेच्या गोळीबरोबर दारू नको, ट्रामाडोलसारखं दुखण्यावरचं औषध असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण या जोड्यांनी श्वास मंदावतो. आणि आईबाबांच्या उशाखालची स्ट्रिप लपवून ठेवणाऱ्या मुलामुलींनो, तुमचा हेतू चांगला असतो, पण तिसऱ्या रात्री तुम्ही पुण्यात असता.

भाऊ, एक जुनं काम परत सुरू करा. गाडीवर रफ जर्नल लिहायचात ना, कुठलं स्टेशन किती वाजता, कुठे किती थांबलो? तसं एका वहीत लिहा. गोळी किती वाजता, अंदाजे झोप किती वाजता, जाग कधी, दुपारी किती, दिवसात काय विसरलो. वेळा सकाळी आठवून लिहायच्या, रात्री घड्याळ बघून नाही. विसरल्याच्या रकान्यात वहिनींनाही लिहू द्या, त्यांची नोंद तुमच्यापेक्षा खरी असेल. पंधरा दिवसांची ही वही डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी बरीच उतरली की स्मरणाची रीतसर चाचणी करून घ्या. आत्ता केलीत तर गोळीमुळेच मार्क कापले जातील.

आणि मुलाला सांगा, फोन संध्याकाळी सातला कर.